रानटी

पक्षाघाताच्या झटक्यानंतर मुद्रितशोधकाच्या तोंडात एकच शब्द शिल्लक राहिला, आणि तोही नेमका असा की ऐकणाऱ्याने कानांवर हात ठेवावेत. बायको चहा घेऊन आली की "रानटी". तिने उशी सारखी केली की "रानटी". जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढलेला माणूस, आणि देवाने ठेवून ठेवून त्याच्यापाशी काय ठेवलं, तर हे! पाहुण्यांसमोर लेकीला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. बायकोच्या चेहऱ्यावर मात्र दर वेळी लाली चढायची, ती कुणी पाहिलीच नाही.

ती रानातल्या चौकीवरच्या राखणदाराची मुलगी. लग्न होऊन या घरात आली, आणि आल्या आल्याच एकदा नवरा डबा विसरून निघाला म्हणून खिडकीत जाऊन, तोंडात दोन बोटं घालून तिने अशी शिट्टी मारली की अख्ख्या गल्लीच्या माना वळल्या. सासूने कपाळाला हात लावला. "रानटी कुठली!"

तो डबा घ्यायला वर आला, तेव्हा ती स्वयंपाकघरात फळीकडे तोंड करून रडत होती.

"रानटी म्हणजे काय, ठाऊक आहे?" त्याने हळूच विचारलं.

"अडाणी. वळण नसलेली."

"ते मागाहून चिकटलं. मुळात रानटी म्हणजे रानातली, बस्स. गावावरून गावठी, गावंढळ, तसं रानावरून रानटी. शब्द शहरातल्यांनी चालवले, म्हणून त्यांच्या शिव्या झाल्या. उद्या झाडांनी छापखाना काढला ना, तर 'शहरटी' म्हणून मलाच हाकलतील."

ती रडता रडता फसकन हसली. "जा मग कामाला, शहरट्या."

"जातो गं, रानटी."

त्या दिवसापासून त्या शब्दाची नांगीच मोडली. सासू चिडून 'रानटी' म्हणाली, की दोघं एकमेकांकडे बघायचं टाळायची, नाहीतर हसू फुटलं असतं.

पण हे लेकीला कोण सांगणार? नवरा-बायकोतलं लाडाचं बोलणं पोरांना समजावायचं तरी कोणत्या तोंडाने? लेक लहानपणापासून तो शब्द शिवीच समजत आली आणि आईसाठी आतल्या आत जळत राहिली. आता तिने बोलायला शिकवणाऱ्या बाईंना घरी बोलावलं. "आधी त्यांचा तो घाणेरडा शब्द सोडवा," ती म्हणाली. "आईचं नाव घ्यायला शिकवा."

"अगं, राहू दे. ते लाडाने म्हणतात."

"लाडाने! अजून किती पांघरूण घालशील, आई?"

लेकीचे डोळे भरून आले होते. एवढ्या मायेपुढे हार मानून आईने बाईंसाठी खुर्ची पुढे केली.

बाई कामाला चोख. त्याने 'रानटी' म्हटलं की त्या ठाम मान हलवून "नाही, नाही" म्हणायच्या, बायकोचा फोटो पुढे धरायच्या आणि नाव तोडून तोडून म्हणवून घ्यायच्या. बिचारा घामाघूम व्हायचा. दाराआड उभी राहून बायको देवाकडे जे मागायची, त्याची तिची तिलाच लाज वाटायची. त्याला हे जमू नये, एवढंच तिचं मागणं होतं.

जमलं. एका सकाळी बाई समोर बसलेल्या असताना ती चहा घेऊन आत गेली आणि त्याने तिचं नाव घेतलं. कागदोपत्री असलेलं, पूर्ण, जोडाक्षरासकट स्वच्छ. लेक आनंदाने रडत आईच्या गळ्यात पडली.

बाईंना पोचवायला लेक खाली उतरली, तशी बायको त्याच्या कानाशी वाकली. "शहरट्या."

तो नुसता बघत राहिला.

"अहो, मी. तुमची रानटी."

त्याने घाबरून मान हलवली, अगदी बाईंसारखी. नाही, नाही. मग सगळा जीव ओठांत आणून त्याने पुन्हा तिचं नाव म्हटलं, आणि शाबासकीसाठी तिच्या तोंडाकडे पाहत राहिला.

या नावाने त्याने तिला उभ्या जन्मात कधी हाक मारली नव्हती.

"शाब्बास," ती म्हणाली, आणि त्या परक्या नावाला तिने ओ दिली.