पोचा कडेकडून काढावा

दसऱ्याच्या दिवशी आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीची नवी कोरी गाडी माझ्या फियाटमध्ये घुसली आणि शिक्षा मात्र माझ्या फियाटला झाली. हा न्याय मला मान्य नव्हता. मान्य नसलेलं मी गुपचूप गिळत नाही, हे आमच्या पूनम सागर कॉम्प्लेक्समध्ये आता सगळ्यांना ठाऊक आहे.

झालं असं. सेक्रेटरी दिपेशने दोनच पेडलची, बिनक्लचची मोठी गाडी आणली. हार, नारळ, चार चाकांखाली चार लिंबं, सगळं साग्रसंगीत. लिंबं चिरडायला बायकोला बसवलं, का तर ती घरची लक्ष्मी. मिनलकडे लायसन्स होतं, पण लग्नाआधी काढलेलं आणि लग्नानंतर कपाटात पडलेलं. कुठलं पेडल कशाचं, हे तिला सांगायचे कष्ट कुणी घेतले नाहीत. भोवती मात्र ही गर्दी, "दाब, दाब, अजून दाब." तिने दाबलं. गाडी लिंबांवर थांबली नाही, थेट समोर उभ्या असलेल्या माझ्या फियाटच्या बगलेत घुसली. मागचा दरवाजा परातीसारखा खोल गेला आणि मडगार्ड चाकाला टेकलं. चारातलं एक लिंबू शाबूत सुटलं आणि गडगडत माझ्या पायाशी आलं.

"बायकोच्या हातात स्टिअरिंग दिलं की असंच होणार," म्हणून दिपेश हसला. त्याच्याबरोबर सगळं कंपाउंड हसलं. मिनल चावी त्याच्या हातात देऊन जिना चढून गेली. मग तो माझ्याकडे वळला. "काकू, तुमची तशीही जुनीच होती ना. माझी तर आज शोरूममधनं आलीय."

मी ते लिंबू उचललं आणि जेवताना वरणावर पिळलं. असलं लिंबू ओलांडूही नये म्हणतात. आम्ही नवरा-बायकोने ते खाल्लं आणि दोघंही ठणठणीत आहोत.

ही फियाट म्हणजे माझा क्लास. फक्त बायकांना ड्रायव्हिंग शिकवायचं, असं ठरवून मी ती जुनी घेतली तेव्हा मीरा रोडला रस्ते कमी आणि चिखल जास्त होता. स्टिअरिंगलाच गिअरची दांडी, गाडी वळवायची तर दंडात ताकद हवी. नर्सा शिकल्या, शाळेतल्या बाई शिकल्या. उत्तनची कॉनी मासळीचा टेम्पो स्वतः चालवायचा म्हणून शिकायला यायची, आज तिचे दोन टेम्पो आहेत. प्रत्येकीचा नवरा नाहीतर भाऊ पहिल्या दिवशी एकच वाक्य म्हणायचा, हिला नाही जमणार. त्या वाक्याच्या जिवावर माझा क्लास चालला. आता क्लास बंद आहे, पण गाडी माझी आहे आणि तिचं पासिंग चोख आहे.

दसऱ्यानंतर दिपेशने सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, की दिवाळीआधीच्या रविवारी मीटिंग आहे. बंद आणि मोडक्या गाड्या कंपाउंडमधून हलवायचा ठराव आहे आणि त्याच दिवशी गाड्या ओढून नेणारा टोचनवाला बोलावला आहे. खाली हात जोडल्याचं चित्र. बंद आणि मोडकी अशी गाडी सोसायटीत एकच होती. आणि ती मोडली कुणी, त्याचा ठरावात पत्ता नव्हता.

फोटो घेऊन मी रिक्षाने काशीमीऱ्याला गेले. पहिल्या गॅरेजवाल्याने फोटो पाहिलाही नाही. दुसऱ्याने पाहिला आणि हळहळला. "आंटी, इसका दरवाजा अब कहाँ मिलेगा? ठोकने बैठे तो भी दिवाली के बाद. भंगार में दे दो."

भंगार म्हटल्यावर माझं डोकं सटकलं. त्याच्या शेजारच्या दुकानातून पत्रा ठोकायची हातोडी, खड्डे बुजवायची लांबी आणि लाल प्रायमरचा डबा घेतला आणि घरी आले.

"मनोरमा, सोड ना आता," आमचे हे म्हणाले. यांचं नाव दशरथ. शांत माणूस, म्हणून तर संसार टिकला. "वय बघ जरा."

"कुणाचं?"

"गाडीचं म्हणतोय," म्हणाले आणि पेपर तोंडासमोर धरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मागचा दरवाजा बिजागरीतून सोडवला. आतला रेक्झिनचा पुठ्ठा काढला, काच काढली, आणि दरवाजा वाळूच्या पोत्यावर पालथा घातला. हातोडी आधी घेतली नाही. धुणं बडवायची लाकडी मोगरी घेतली, कारण लाकडाने पत्र्यावर वण उठत नाहीत. इथवर माझं बरोबर होतं.

चुकलं ते पुढे. जन्मभर भाकऱ्या थापल्या. भाकरी मधून थापत कडेकडे न्यायची, हे हाताला माहीत. तशीच मी मोगरी मधोमध हाणली आणि कडेकडे निघाले. पोचा उठला खरा, पण उठता उठता पत्रा ताणला गेला. दरवाजा उलटला तर मधे टेंगूळ. दाबलं की टक करून आत, सोडलं की टक करून बाहेर, डब्याच्या सैल झाकणासारखं.

तेवढ्यात हे मोबाइल घेऊन खाली आले. कुठला तरी व्हिडिओ लावलेला. "अगं, हा माणूस म्हणतोय, पोचा मधून नाही काढायचा, कडेकडून काढायचा. कड शेवटी आत गेलेली असते, ती आधी बाहेर काढायची."

"हे आत्ता सांगताय?"

"तू विचारलंस कुठे?"

मी मोगरी खाली ठेवली आणि तिथेच पोत्यावर बसले. मला रडू आलं. रागाचं होतं, पण रडूच ते. सबंध दरवाजा मी माझ्या हाताने बिघडवला होता आणि रविवार काही माझ्यासाठी थांबणार नव्हता. वरच्या बाल्कन्यांमधून लोक बघत होते. त्यांच्यासमोर तरी रडायचं नव्हतं.

"काकू, मी काही धरू का?"

मिनल भाजीची पिशवी घेऊन उभी होती. तिच्यावर माझा राग नव्हता असं नाही. दसऱ्यापासून ती साधी विचारपूस करायला आली नव्हती.

"इतके दिवस कुठे होतीस?"

"मला खाली यायला तोंड नव्हतं."

"मग आज कुठून आणलंस?"

ती हसली नाही. पिशवी जिन्यात ठेवली आणि ओढणी कमरेला बांधली. "दिपेश ऑफिसला गेलाय. सांगा काय करायचं."

यांच्या त्या व्हिडिओत ताणलेल्या पत्र्यावर इलाज होता. फुगलेल्या जागी नाण्याएवढा ठिपका लाल होईस्तोवर तापवायचा आणि लगेच ओलं फडकं दाबायचं, म्हणजे पत्रा आकसतो. भरताची वांगी भाजायला यांनी हौसेने गॅसची छोटी बंदूक घेतली होती, तीच आणली. मी तापवायची, मिनल फडकं दाबायची. चर्र आवाज, वाफ, पुढचा ठिपका. पहिल्यांदा तिचा हात मागे आला. मग नाही आला. जेवणाची वेळ झाली तेव्हा मी टेंगळावर अंगठा दाबला आणि टक झालं नाही. मग कडेकडून हळूहळू हातोडी मारत मी दरवाजा सरळ केला. उरलेले बारीक खड्डे लांबीने भरले आणि घासले.

मडगार्डसाठी तर तिच्याशिवाय जमलंच नसतं. डिकीत आतल्या बाजूने जाड काहीतरी टेकवून धरायला हवं आणि बाहेरून हातोडी हवी. गॅरेजवाले लोखंडी ठोकळा धरतात. मी पाट्यावरचा वरवंटा आणला, त्याची गोलाई मडगार्डला अगदी बरोबर बसली. मिनल डिकीत दुमडून बसली.

"आवाज भरीव आला तर वरवंटा जागेवर आहे. पोकळ आला तर सरकव," मी सांगितलं.

थोड्या वेळाने आतून तिचा आवाज आला. "काकू, मला वाटलं मी ब्रेक दाबतेय. शेवटपर्यंत मला वाटत होतं की तो ब्रेकच आहे."

"माहितीये."

"दिपेश सगळ्यांना सांगतो, हिला काही कळत नाही. आता मलाही तसंच वाटायला लागलंय."

"पोकळ आला. डावीकडे घे."

तिने घेतला. पुढचा ठोका भरीव आला.

मडगार्ड चाकापासून सुटल्यावर दरवाजा बसवला आणि त्यावर लाल प्रायमर मारला. रंग मारायचा नाही, असं मी ठरवलं होतं. ठोकलेलं दिसू दे सगळ्यांना. मग दिपेश ऑफिसला गेला की आम्ही दोघी गाडी काढून मुर्ध्याकडे जायचो. मिठागरांच्या बाजूला सकाळी रहदारी कमी असते. मिनल स्टिअरिंगवर, मी शेजारी. क्लच, गिअर, हळू सोड, परत. वॉचमनने आम्हाला बघितलं आणि बघितलं नाही.

रविवारी कंपाउंडमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या, माइक लावला होता. गेटबाहेर टोचनवाला येऊन उभा होता. दिपेशने फियाटला एक चक्कर मारली.

"पत्रा मस्त ठोकलात काकू, मानलं. पण नुसत्या पत्र्याने काय होतंय? गाडी चालली तर मी इथे सगळ्यांसमोर माइकवर ठराव मागे घेतो. नाहीतर तो घेऊन जाईल."

"लिहून घेऊ का?"

"शब्द देतो ना."

मी घरून आणलेलं लिंबू पुढच्या चाकाखाली ठेवलं. चावी काढली आणि मिनलच्या हातात दिली.

हे आमचं ठरलेलं नव्हतं. मी चालवली असती तर गाडी राहिली असती. पण दसऱ्याला जे हसले ते तसेच हसत राहिले असते, आणि ते मला अजिबात नको होतं.

"काकू, मस्करी नको," दिपेश म्हणाला. "मिनल, चावी इकडे दे."

"ठराव गाडीचा आहे ना?" मी म्हटलं. "चालवणाऱ्याचं त्यात काही नाही."

मिनलने कुणाकडे पाहिलं नाही. आत बसली, सीट पुढे ओढली, चावी फिरवली. इंजिन सुरू झालं. तिने क्लच सोडला, गाडीने गचका खाल्ला आणि बंद पडली. खुर्च्यांवरून हसू आलं, दसऱ्याचंच. दिपेश खिडकीशी गेला. "झालं समाधान? उतर आता."

शिकवताना मी अखंड बोलते, परीक्षेला एक शब्द बोलत नाही. इतक्या वर्षांची गाडी मी एका गचक्यावर पणाला लावली होती.

"उतरते ना," मिनल म्हणाली. "आधी जाऊन येते. बाजूला हो, पायावरून जाईल."

दिपेश बाजूला झाला. इंजिन पुन्हा सुरू झालं. क्लच हळू सुटला, लिंबू फचकन फुटलं, आणि फियाट गेटमधून बाहेर पडून पूनम सागरच्या रस्त्याला लागली. कंपाउंडमध्ये एक पिवळी चपटी साल उरली.

"घे माइक," मी दिपेशला म्हटलं.

त्याने घेतला, दुसरं करणार काय. "तर ती एक बंद गाडी..."

"चालू," मागच्या खुर्चीवरून आमचे हे म्हणाले. इतक्या वर्षांत मीटिंगमध्ये ते पहिल्यांदाच बोलले.

"चालू गाडी," दिपेश म्हणाला, "तिच्याबद्दलचा ठराव मी मागे घेतोय."

तेवढ्यात गेटवर फियाटचा हॉर्न वाजला. मिनलला आत यायचं होतं आणि टोचनवाला मधे उभा होता. तिने पुन्हा हॉर्न दिला, या वेळी लांबलचक, आणि त्याला गाडी मागे घ्यावी लागली.