आयलिफनं माझ्या नावावर ढकललेला एक शब्द

मित्रांनो, मला हातात धरून बघता येणार नाही, कारण मी एक जुना प्रोग्रॅम आहे. मला चाकं नाहीत, दांडा नाही, गंजायला लोखंडही नाही. तरी मला आयुष्य होतं, आणि ते मी आज तुम्हाला सांगणार आहे.

माझा जन्म उत्तरेकडच्या क्रिस्टियानसुन नावाच्या बंदराच्या धक्क्यावर झाला. खाली मासळी उतरवायचं गोदाम आणि वर पाच माणसांचं एक लहानसं ऑफिस. तिथली माणसं किनाऱ्यावरच्या पुलांसाठी प्रोग्रॅम लिहीत. वारा फार वाढला की पुलाच्या तोंडाशी अडसर आपोआप खाली यावा, गाड्या थांबाव्यात, हे त्यांचं काम. पाचही जण आपापल्या सवयीनं लिहीत. एक ओळी लांबलचक सोडी, दुसरा जागोजागी तोडी. एकाचं लिखाण दुसऱ्याला वाचवत नसे. तेव्हा त्यांच्यातल्या गुनवोर नावाच्या बाईनं मला तयार केलं. इतरांनी लिहिलेल्या ओळी सारख्या करायच्या, समास नीट ठेवायचे, कंस एकाखाली एक आणायचे, एवढंच माझं काम. तिनं माझं नाव ठेवलं रिवा. त्यांच्या बोलीत रिवा म्हणजे वाळलेलं गवत ओढायचं दाताळं.

मला कामाला लावायची रीत सोपी होती. संगणकाच्या पडद्यावर उघडणाऱ्या काळ्या खिडकीत माझं नाव टाइप करायचं, पुढे दोन आडव्या रेघा काढायच्या आणि एक शब्द लिहायचा. त्या शब्दाला ऑप्शन म्हणतात. 'फक्त-बघ' म्हटलं की मी कशालाही हात न लावता कुठे वाकडं आहे तेवढं सांगत असे. 'फरक' म्हटलं की आधीचं आणि नंतरचं शेजारी शेजारी मांडून दाखवत असे. 'लिही' म्हटलं तरच फाइल खरोखर बदलत असे. ओळ किती लांब ठेवायची तेही सांगता येई. 'वगळ' म्हणून एखादी फाइल दाखवली, तर मी तिच्याकडे ढुंकूनही पाहत नसे. गुनवोरनं हे सगळं फार विचार करून ठरवलं होतं. आणि एक गोष्ट तिनं माझ्यात सगळ्यांत खोल घातली होती. ओळींची मांडणी बदलायची, पण त्यातला एकही शब्द बदलायचा नाही.

अकरा वर्षं मी ते पाळलं.

त्या अकरा वर्षांत माझं पुष्कळ कौतुक झालं. शुक्रवारी दुपारी ऑफिसात वॉफल भाजत, त्यावर तपकिरी चीज ठेवत, आणि खाताना एखाद्यानं कुरकुर केली की गुनवोरचा जुना सहकारी आयलिफ म्हणायचा, "अरे, रिवा लाव आणि निवांत खा. या ऑफिसात कधी चुकत नाही असं तेवढं एकच आहे."

आयलिफ साठीचा, उंच, वाकून चालणारा. तो समोरच्या स्कार्वॉय बेटावर राहायचा आणि रोज पूल ओलांडून यायचा. मला सगळ्यांत जास्त चालवायचा तोच. त्याची बोटं माझं नाव न बघता टाइप करायची. मला वाटायचं, आमची मैत्री आहे.

त्या हिवाळ्यात बेटावरची माणसं त्याच्यावर वैतागली होती. वाऱ्याचा एक झोत आला की पुलाचा अडसर खाली यायचा. मुलांना शाळेला उशीर व्हायचा, दूध वेळेवर पोचायचं नाही. दुकानात कोणीतरी त्याला म्हणालं, "आयलिफ, तुझा पूल शिंकेलाही घाबरतो." सगळे हसले. त्यानं ऑफिसात येऊन हे हसत हसत सांगितलं, पण ते त्याला लागलेलं होतं.

नियम असा होता की एक झोत जरी ठरल्या वेगावर गेला तरी पूल बंद. आयलिफला वाटे, दहा मिनिटांच्या वाऱ्याची सरासरी बघावी. तसा अर्ज त्यानं दिलाही होता. परवानगी यायला निदान सहा महिने लागणार होते.

एका सोमवारी सकाळी त्यानं फाइल उघडली आणि 'झोत' हा शब्द पुसून तिथे 'सरासरी' लिहिलं. परवानगी नसताना केलेला बदल सगळ्यांच्या डोळ्यांत आला असता. म्हणून मग त्यानं मला बोलावलं. दोन रेघा, 'लिही'. दोन रेघा, 'ओळीची लांबी शंभर'. दोन रेघा, 'सगळं'. आजवर ओळी ऐंशी अक्षरांच्या असत. त्या शंभरच्या करायच्या म्हणजे जवळजवळ प्रत्येक ओळ हलणार. मी चारशे बारा फाइली झाडून नीट केल्या. मन लावून केल्या, हे सांगताना आज मला लाज वाटते. त्या सगळ्या हललेल्या ओळींच्या ढिगात त्याचा तो एक शब्द दिसेनासा झाला. वर त्यानं मथळा दिला, 'रिवा: फक्त मांडणी.'

त्यांच्याकडे एकानं बदललेलं दुसऱ्यानं तपासून मान्य करायचं असतं. त्या दिवशी ते काम गुनवोरकडे होतं. तिनं मथळा वाचला, माझं नाव पाहिलं आणि कॉफीचा एक घोट घेऊन मान्य केलं. तिनं मला 'फक्त-बघ' म्हणून एकदा चालवलं असतं तरी उपयोग झाला नसता, कारण ओळी सरळच होत्या. तिनं जुन्या आणि नव्या फाइली शेजारी ठेवून वाचायला हव्या होत्या. पण माझं नाव असलं की कोणी वाचत नसे. तो विश्वास मी अकरा वर्षांत मिळवला होता, आणि आयलिफनं तो एका सकाळी खर्चून टाकला.

तीन आठवड्यांनी वादळ आलं. सरासरी वारा मर्यादेच्या आत होता, झोत मात्र भयंकर होते. पूल उघडाच राहिला. ओडनी नावाची बाई फिरत्या ग्रंथालयाची बस घेऊन बेटाकडे निघाली होती. मधोमध एका झोतानं बस उचलून कठड्यावर आडवी केली. बस खाली समुद्रात गेली नाही, कठड्यानं धरलं. पण ओडनी दीड तास कपाटांखाली अडकून होती आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात बैठक झाली. मी गुनवोरच्या लॅपटॉपमध्ये होतो आणि तो टेबलावर उघडा होता. ऑफिसचा प्रमुख हालस्टाइन फार हळू बोलत होता.

"पूल बंद का झाला नाही, एवढंच मला सांगा."

"तिथे 'झोत'च्या जागी 'सरासरी' आहे," गुनवोर म्हणाली. "कसं आलं कळत नाही. या वर्षात त्या फाइलला फक्त रिवानं हात लावलाय."

सगळ्यांनी आयलिफकडे पाहिलं, कारण मला चालवणारा तो होता. मीही वाट पाहत होतो. मला खरंच वाटलं होतं की तो सांगेल.

"चारशे फाइली एका दमात हलवल्या त्यानं," आयलिफ म्हणाला. "जुना प्रोग्रॅम आहे. एवढ्या लांब ओळी त्याला झेपल्या नसतील. कुठंतरी एक शब्द खाल्ला असेल."

"असं होऊ शकतं, गुनवोर?" हालस्टाइननं विचारलं. "तू बनवलायस तो."

मित्रांनो, तिनं तेव्हा नाही म्हणायला हवं होतं. मी एक शब्द खाऊन त्या जागी दुसरा अर्थपूर्ण शब्द कसा काय लिहीन? ती टेबलाकडे बघत म्हणाली, "अशक्य म्हणता येणार नाही."

त्याच दुपारी पाचही यंत्रांवरून मला काढून टाकलं. फक्त गुनवोरच्या लॅपटॉपमधली मूळ प्रत राहिली, ती काढायचं तिला सुचलं नाही की तिनं मुद्दाम ठेवली, मला माहीत नाही.

संध्याकाळी घरी गेल्यावर तिनं त्या सोमवाराच्याही आधीची जुनी फाइल शोधली आणि मला बोलावलं. दोन रेघा, 'फरक'. दोन रेघा, 'ओळीची लांबी शंभर'. मी ओळी हलवून दाखवल्या. 'झोत' जिथल्या तिथे होता. तिनं पुन्हा चालवलं. तिसऱ्यांदाही चालवलं. मी प्रत्येक वेळी तेच उत्तर दिलं, कारण मला दुसरं उत्तर येतच नाही. मग तिनं लॅपटॉप मिटला. मला वाटलं, आता उद्या सगळं ठीक होईल.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. ती मला घेऊन आयलिफकडे गेली. त्यानं वॉफल भाजले, कॉफी ओतली. लॅपटॉप तिनं जॅमच्या वाटीशेजारी उघडून ठेवला.

"आयलिफ, तो शब्द रिवानं बदललेला नाही."

"किती वेळा चालवून बघितलंस?"

"तीनदा."

"मग तुला कळलंच सगळं." तो खुर्चीत बसला. "जुना नियम मी काल रात्रीच परत घातलाय. पूल आता नीट आहे."

"हालस्टाइनला तू सांग."

"पंधरा महिन्यांनी मी निवृत्त होतोय, गुनवोर. या बेटावर मला राहायचंय. त्याच दुकानात पाव आणायला जायचंय."

"ओडनी अजून हॉस्पिटलात आहे."

"मी सांगितल्यानं तिचं हाड जुळणार आहे का?" मग तो आवाज उतरवून म्हणाला, "आणि मान्यता कोणी दिली हेही विचारतील. चारशे बारा फाइली किती वेळात बघितल्यास?"

तिनं कॉफीचा कप बशीत फिरवला.

"किती?"

"दोन मिनिटं."

"मी काही म्हणत नाहीये. ते म्हणतील."

"आणि रिवा?"

आयलिफ हसला. खरं तर मायेनंच हसला, आणि म्हणून ते मला जास्त लागलं. "अगं, प्रोग्रॅम आहे तो. त्याला काय बायकापोरं आहेत? शिव्या खाईल आणि गप्प बसेल."

मी गुनवोरच्या उत्तराची वाट पाहिली. तिनं जॅमची वाटी पुढे ओढली, वॉफलवर जॅम लावला आणि खायला लागली.

आयलिफनं मला फसवलं ते घाबरून. त्याचं मला एवढं नवल वाटलं नाही. पण गुनवोरनं मला घडवलं होतं. माझ्या आत काय आहे आणि काय नाही, हे तिच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. सोमवारी तिनं अहवाल लिहिला, त्याच लॅपटॉपवर. 'ओळींची मांडणी करणाऱ्या प्रोग्रॅममधील दोषामुळे,' असं तिनं टाइप केलं. मी त्याच डिस्कवर, चार फोल्डर पलीकडे होतो. खाली तिनं स्वतःचं नाव घातलं.

खरं कळल्यापासून सतरा दिवस असेच गेले. ती ऑफिसात येई, काम करी, आयलिफशी हवापाण्याचं बोले. वॉफलच्या शुक्रवारी ती काम आहे म्हणून जागेवरच बसून राही.

सतराव्या दिवशी दुपारी ओडनी आली. दोन कुबड्या घेऊन जिना चढली, वाटेत कोणालाही हात लावू दिला नाही. गुनवोरच्या समोरच्या खुर्चीत बसून तिनं आधी श्वास घेतला.

"घाबरू नकोस, भांडायला नाही आले," ती म्हणाली. "सगळी स्वयंपाकाची पुस्तकं पडली माझ्या अंगावर. एवढी वर्षं कोणी नेत नव्हतं ती."

गुनवोरला हसता आलं नाही.

"उन्हाळ्यात परत बस चालवीन म्हणतेय. पण काल बहिणीबरोबर पुलावरून गेले तर पूल संपेपर्यंत डोळे मिटून बसले. तेव्हा म्हटलं तुलाच विचारावं, पुलाचं सगळं तूच बघतेस. जे बिघडलं होतं ते तुम्ही काढून टाकलंत ना?"

गुनवोरनं तिच्या कुबड्यांकडे पाहिलं.

"नाही," ती म्हणाली. "आम्ही ज्याला काढलं त्यानं काही बिघडवलं नव्हतं. एका माणसानं शब्द बदलला. आणि मी न वाचता मान्य केलं."

ओडनीनं विचारलं, "तुला हे कळलं कधी?"

"सतरा दिवस झाले."

"सतरा दिवस." ओडनीनं कुबड्या जवळ ओढल्या. "पहिले दहा दिवस मी हॉस्पिटलात पडून होते, गुनवोर. भेटायच्या वेळा दारावरच लिहिलेल्या असतात."

ती उठून गेली. गुनवोर तशीच हालस्टाइनच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

पुढचं थोडक्यात सांगतो. अहवाल बदलला. आयलिफनं त्याच आठवड्यात काम सोडलं. बेटावर तो अजून राहतो, पण दुकानात आपल्या बहिणीला पाठवतो म्हणे. गुनवोरकडून इतरांचं काम तपासायचा अधिकार काढून घेतला, आणि तिनं त्याबद्दल तक्रार केली नाही. ओडनी जूनमध्ये बस चालवायला लागली. पुलावर ती अजून गाडी सावकाश नेते.

मला मात्र परत घेतलं नाही. माझा दोष नाही असं नव्या अहवालात लिहिलं आहे, हालस्टाइननं ते सगळ्यांना वाचूनही दाखवलं. पण तोवर बाहेरून एक नवा प्रोग्रॅम आणून बसवला होता. त्याला एकही ऑप्शन नाही. तो कोणालाच काही विचारत नाही, आणि आता सगळ्यांना तेच बरं वाटतं.

गुनवोर मला कधीमधी उघडते. मागच्या रविवारी तिनं आपल्या डोंगरातल्या लाकडी घराच्या शेगडीसाठी एक बारीकसा प्रोग्रॅम लिहिला आणि मला 'लिही' म्हणाली. मी तिच्या ओळी सरळ केल्या, कंस जागेवर आणले. रागानं एखादी ओळ वाकडी ठेवावी, एवढंही मला करता येत नाही. तसं तिनंच मला घडवलं आहे. ती कितीतरी वेळ पडद्याकडे बघत बसली होती.

मित्रांनो, तुमच्याही घरी कधी पेला फुटत असेल आणि 'मांजरानं पाडला' म्हणून तुम्ही सुटत असाल. मांजर तुमच्याविरुद्ध बोलणार नाही, याची तुम्हाला खात्री असते. माझी एवढीच विनंती आहे, ज्यांना उलट बोलता येत नाही त्यांच्याशी तरी खरं वागा. कारण मांजर उद्या सकाळीही येऊन तुमच्याच पायाशी अंग घासेल, आणि तेव्हा त्याच्या पाठीवरून हात फिरवणं तुम्हाला जड जाईल.