चॉकलेटच्या तीन टाळ्या

शाळेच्या अर्जावर ठळक अक्षरांत छापलं होतं, 'मुलांची तयारी करून घेऊ नये. तयारी आढळल्यास प्रवेश नाकारला जाईल.' म्हणजे तयारी दिसणार नाही इतकी तयारी करायची, हे कुठल्याच आईला सांगावं लागत नाही.

गेल्या वर्षी मुलाखतीत 'चॉकलेट' हा शब्द विचारला होता म्हणे. मी शब्दकोश काढला. शब्दाचे तुकडे तीन, उगम मेक्सिकोतला. लेकीला एकेका तुकड्याला एक टाळी शिकवली. चॉ-क-लेट, मग "मेक्सिकोतून आलं", आणि मगच बक्षीस, चॉकलेटचा एक चौकोन.

"अगं, चार वर्षांची आहे ती," नवरा म्हणाला. "आणि लोक दोनच तुकडे बोलतात. चॉक-लेट."

"लोकांना प्रवेश घ्यायचा नाहीये."

"मग तूच बस जाऊन वर्गात."

महिनाभर घरात टाळ्याच टाळ्या. खालच्या मजल्यावरच्या काकूंना वाटलं, आमच्याकडे रोज कुणाचा तरी वाढदिवस असतो.

मुलाखतीला मुख्याध्यापिकाबाई गोड हसल्या. "घरी काही शिकवत नाही ना?"

"छे हो! नुसती खेळते." नवरा पंख्याकडे बघत बसला.

बाईंनी प्रश्नच विचारला नाही. बरणीतलं एक चॉकलेट पुढे केलं. "घे गं बाळ."

लेकीने हात मागे घेतले. ताठ उभी राहिली. तीन टाळ्या. "चॉ-क-लेट. मेक्सिकोतून आलं." मग तळहात पसरला.

गेला प्रवेश!

बाईंनी चष्मा सारखा केला. "बोलताना दोनच हं. घरी सुधारून घ्या. उगम मात्र छान पाठ आहे." आणि अर्जावर शिक्का मारला.

"पण तयारी आढळली तर..." नवऱ्याच्या तोंडून निसटलं. मी टेबलाखाली त्याच्या पायावर पाय दिला.

"ही तयारी नव्हे," बाई म्हणाल्या, "हे संस्कार."

बाहेर पडल्या पडल्या मी आईला फोन लावला. झाला प्रवेश म्हणून सांगतच होते, तेवढ्यात लेक शेवटच्या पायरीवरून घसरली. गुडघा फुटला, तळहात सोलवटले. ओठ थरथरत होते, पण ती रडली नाही. उठून ताठ उभी राहिली, त्याच हातांनी दोन टाळ्या वाजवल्या.

"आ-ई."

आणि मी उचलून घेते का, याची वाट बघत थांबली.