मिस्त्रीचा फेटा

"घ्या हो मावशी, एवढं काय त्यात!"

जयराजनं पाचशेची नोट पुढे धरली होती. अंजना न्हाणीघराच्या उंबऱ्यापाशी उकिडवी बसून शेवटची फरशी बसवत होती. लाकडी ठोकळा ठेवून वरून हलकेच ठोकायचं, बोटानं सांधा चाचपायचा, पुन्हा ठोकायचं. नोटेकडे तिनं नजर टाकली ती नाइलाजानं.

"ही कशाची?"

"अशीच. टिप समजा. काम छान केलंत म्हणून."

"कामाचा रोज सुभेदारांनी शनवारीच दिलाय की."

"तो कामाचा झाला. ही आमच्या खुशीची."

"मग खुशी वास्तुशांतीला करा," ठोकळा बाजूला ठेवत ती म्हणाली. "मिस्त्रीला करत्यात तशी."

जयराज सुभेदारांचा मुलगा, पुण्याला नोकरीला. त्याला वाटलं, बाईला पाचशे कमी वाटले. त्यानं आणखी एक नोट काढली, तेव्हा अंजनानं त्याच्याकडे असं काही बघितलं की दोन्ही नोटा खिशात घालून तो मुकाट्यानं गच्चीवर निघून गेला.

कुणाला वरचे पैसे द्यायचे आणि कुणाला नाही, याचं इस्लामपूरच्या आसपासचं शास्त्र मोठं गमतीचं आहे. खांबावर चढणाऱ्या वायरमनला ते न मागता मिळतात, कारण एकदा खाली उतरलेला वायरमन पुन्हा कधी चढेल याचा भरवसा नाही. ऊसतोडीची टोळी मागून घेते. नाही दिले तर ऊस फडात उभा राहतो. सिलिंडरवाला दारात रेंगाळतो, त्यालाही मिळतात. दिवसभर पाठ मोडून शेतातलं तण भांगलणाऱ्या बाईला मात्र कुणी वर दहा रुपये दिल्याचं ऐकिवात नाही. ती कुणाचं अडवणार? ज्याच्यावाचून अडेल त्याला बक्षीस, असा हा उघडानागडा हिशोब आहे.

मिस्त्रीचं तेवढं निराळं. पाया काढला की नारळ, चौकट उभी राहिली की टॉवेल-टोपी, स्लॅब पडला की मटणाचं जेवण आणि वास्तुशांतीला भर मांडवात पाटावर बसवून फेटा. त्या वेळी मिस्त्रीनं आपली गिलाव्याची थापी मालकाच्या हातात द्यायची, 'ह्या हातानं बांधलं, ह्या हातानं ताब्यात दिलं' म्हणायचं, मग घर मालकाचं होतं, अशी तिथली रीत. फेट्याचं कापड बाजारात फार महाग मिळत नाही. पण तो मिळाला नाही म्हणून नावाजलेले मिस्त्री जेवणावरून उठून गेलेले गावानं पाहिले होते.

अंजनानं असे कितीतरी फेटे लांबून बघितले होते, नवऱ्याच्या डोक्यावर. कोंडीबा मिस्त्री आणि ती त्याची बिगारी. दोघं आटपाडीकडची. तिकडे पाणी नाही म्हणून मेंढरं विकून नदीकाठाला आली आणि घमेल्याला लागली. कोंडीबाचा हात सोन्याचा. तो विडी ओढायला बसला की अंजना गुपचूप थापी उचलायची आणि अर्धा हात भिंत गिलावून ठेवायची. तो परत आला की म्हणायचा, "ह्यो तुकडा कवा केला म्या?" आणि हसायचा. पुढे माधवनगरला एका बांधकामावर बांबूची परांची तुटली आणि कोंडीबा खाली आला. खुबा मोडला. ऑपरेशन झालं, काठी आली, पण परांचीवर पाय ठेवायचं कायमचं संपलं. त्यानं आपली थापी खुंटीला अडकवली. अंजनानं इस्लामपुरातून स्वतःची नवी घेतली.

आधी लोक हसले. गोठ्याचा कोबा, संडासाची फरशी असली कामं तिच्या वाट्याला आली, तीही दुसरा कुणी मोकळा नसला तर. सुभेदार उदयसिंहांनी तिला अख्खं घर दिलं, तेही असंच. हंगामात मिस्त्री मिळेना आणि ही बाई ठरल्या वेळी दारात हजर असायची. फौजेतला माणूस, रोज संध्याकाळी ओळंबा घेऊन भिंती तपासायचा. महिन्याभरानं त्यानं तपासणं सोडलं. पायापासून फरशीपर्यंत तिनं एकटीनं उभं केलेलं हे पहिलं घर. हाताखाली दोन गडी होते, तेही कुरकुरत का होईना, तिला मिस्त्रीणबाई म्हणायला लागले होते. म्हणून तिनं मनाशी पक्कं धरलं होतं, हा फेटा आपला.

जयराजच्या नोटा परत गेल्या त्याच संध्याकाळी सुभेदारांची बायको माया वास्तुशांतीचं आमंत्रण घेऊन अंजनाच्या पत्र्याच्या घरी आली. कोंडीबा दारात शेळीला पाला टाकत उभा होता.

"कोंडीबा मिस्त्री, शुक्रवारी लवकर यायचं बरं का. फेटा तुमाला हाय. आन अंजनाबाई, तुला साडी आणलीया, जरीच्या काठाची. दोघं जोडीनं या."

कोंडीबाचा चेहरा खुलला. किती दिवसांनी त्याला कुणी मिस्त्री म्हटलं होतं. माया निघून गेल्यावर तो उगाच काठी टेकत अंगणात दोन फेऱ्या मारून आला. अंजना चुलीपाशी बसून होती.

"आवं, त्या घराला तुमचा हात कुठं लागलाय?"

"आगं, मान घराचा असतोय. तुजा काय आन माजा काय!"

"मग माज्या डोस्क्यावर बसू द्या की."

कोंडीबा मोठ्यानं हसला. "बाईमाणूस फेटा बांधून काय करणार? फडावर नाचायला जाणार हायस व्हय?"

तो वाईट मनाचा माणूस नव्हता. बोलून गेला, इतकंच. पण अंजनाला ते लागलं. रात्रभर ती कूस बदलत राहिली. सकाळी मात्र तो ट्रंकेतलं पांढरं धोतर काढून वास घेताना दिसला आणि तिचा राग विरघळला. जाऊ दे, मिरवू दे बिचाऱ्याला, एवढा दिवस गप बसायचं, असं तिनं ठरवून टाकलं. शुक्रवारी सकाळी स्वतःच्या हातानं धोतराचा सोगा नीट करून दिला आणि घासून लख्ख केलेली थापी पिशवीत घालून ती त्याच्या मागोमाग निघाली.

घरापुढे मांडव भरला होता. दारातून समोरच दिसणाऱ्या हॉलच्या भिंतीवर जयराजच्या बायकोचा, सृष्टीचा, मोठा फोटो लावला होता: बुलेटवर बसलेली, डोळ्यांना गॉगल, डोक्याला भगवा फेटा. सांगलीच्या रॅलीतला. आल्यागेल्याला माया तो कौतुकानं दाखवत होती. तो फोटो ज्या भिंतीवर होता तिच्या गिलाव्यात पावसाचं पाणी उतरलं, म्हणून अंजनानं ती खरवडून पुन्हा केली होती. ती भिंतीकडे बघत बायकांत उभी राहिली.

होम झाला. गुरुजींनी मिस्त्रीला पुढे बोलावलं. कोंडीबा काठी टेकत पाटावर बसला. सुभेदार स्वतः फेटा बांधायला उभे राहिले, फौजेत शिकलेला हात. पहिले दोन वेढे बसले. मायानं अंजनाच्या पिशवीतून थापी काढून कोंडीबाच्या हातात दिली.

"हात पुढं करा मिस्त्री," गुरुजी म्हणाले. "म्हणा, ह्या हातानं बांधलं..."

कोंडीबानं हात पुढे केला. तीन वर्षं सिमेंट न लागलेला हात. गुळगुळीत, नखं स्वच्छ. अंजनानं खाली स्वतःच्या हातांकडे बघितलं. बोटांची टोकं सिमेंटनं खाल्लेली, सकाळी हळद लागली तर भेगांतून आग झाली होती. कोंडीबा म्हणत होता, "ह्या हातानं..."

"थांबा गुरुजी!"

अंजना बायकांतून बाहेर आली.

"खोटं बोलून घर ताब्यात देऊ नका. ह्या घराला त्यांचा हात लागल्याला न्हाई. माजा लागलाय."

"अंजनाबाई, काय हे?" माया पुढे झाली. "तुला साडी आणलीया की गं!"

"साडी बाईला देत्यात वैनी. फेटा कामाला देत्यात. मी हितं बाई म्हणून आले न्हवते."

"आगं पण तू त्याचीच बायको न्हवं?" सुभेदार फेट्याचं टोक हातात धरून उभे होते. "त्याला दिलं काय, तुला दिलं काय, एकाच घरात जातंय."

"मग सुभेदार, तुमी सरहद्दीवर हुता तवा हितली शेती तुमच्या थोरल्या भावानं बघितली. तुमची मेडलं त्यांच्या छातीला लावली का? एकाच घरातली न्हवं तुमी?"

सुभेदारांचा चेहरा लाल झाला. मागे कुणीतरी खिदळलं, "बाईच्या डोस्क्यावर फेटा! काय दिवस आल्यात गड्या!" अंजना गर्रकन त्या बाजूला वळली आणि तिनं भिंतीवरच्या फोटोकडे बोट केलं.

"ह्या पोरीनं बांधला तवा सगळ्यांनी हौसेनं फोटू काढलं. तिनं मिरवायला बांधला तर चालतोय. म्या केल्या कामाचा मागितला तर दिवस फिरलं व्हय?"

सृष्टी दारात उभी होती. खिदळणाऱ्याकडे तिनं रोखून पाहिलं. जयराज वडिलांच्या कानाशी लागला, "पप्पा, वेगळे काहीतरी देऊन टाकू, विषय वाढवू नका," आणि त्याचा हात पाकिटाकडे गेला.

"ऱ्हाऊ द्या ते खिशात," अंजना म्हणाली. "पैसं मागायचं असतं तर भिंत वाकडी ठेवून मागितलं असतं. द्यायचा तर फेटा द्या, न्हाईतर काय बी देऊ नका. जेवण बी नगं. पण थापी माजी हाय, ती परत द्या."

आणि तिनं हात पुढे केला. थापी कोंडीबाच्या मांडीवर होती. त्यानं मान वर करून बायकोकडे पाहिलं. तिलाही त्याच्याकडे बघावं लागलं, आणि तेच तिला सगळ्यात अवघड गेलं. त्याच्या कपाळावर फेट्याचे दोन वेढे होते, डोळ्यांत पाणी होतं. क्षणभर तिला वाटलं, चुकलं आपलं. पण हात तिनं मागे घेतला नाही.

कोंडीबानं थापी तिच्या हातात ठेवली आणि काठी ओढून घेतली. पाटावरून उठायला त्याला नेहमी तिचा खांदा लागायचा. घरी, दवाखान्यात, एसटीत, तीन वर्षं तो खांदा कधी चुकला नव्हता. आज ती जागची हलली नाही. सगळा मांडव बघत होता. तो एका हातानं काठीवर, दुसऱ्यानं जमिनीवर रेटा देत, दात खाऊन, एकटा उठला. डोक्याचे वेढे उलगडून त्यानं कापड सुभेदारांच्या हातात दिलं.

"बांधा तिला," तो म्हणाला. "तिचंच हाय." आणि मांडवाच्या कडेला जाऊन, पाठ करून बसला.

सुभेदार गुरुजींकडे बघायला लागले. गुरुजींनी पोथीत बघितल्यासारखं केलं आणि म्हणाले, "बसा बाई."

अंजना पाटावर बसली. डोक्यावरचा पदर तिनं स्वतःच मागे केला. सुभेदारांचा हात आधी अडखळला, मग सरावानं फिरू लागला. ताण देऊन, एकावर एक, शेवटी पाठीवर लांब शेमला. तिनं थापी त्यांच्या हातात ठेवली आणि भेगाळलेला हात पुढे केला.

"ह्या हातानं बांधलं," ती म्हणाली, "ह्या हातानं ताब्यात दिलं."

घराला तडा गेला नाही, आभाळही कोसळलं नाही. बायका कुजबुजत राहिल्या, पुरुष जेवायला बसले. साडीचं तबक तिनं परत मायाच्या हातात दिलं.

घरी जाताना कोंडीबा पुढे आणि ती मागे. वाटेत चहाच्या टपरीवरचे लोक उठून उभे राहून बघत होते, बघोत. फेटा काढायचं तिच्या मनातही आलं नाही. घरी आल्यावर कोंडीबा खुंटीवरच्या आपल्या जुन्या थापीकडे बघत बाजेवर पडून राहिला.

संध्याकाळी तिनं अंगणात चूल पेटवली आणि फेट्यासकट भाकरी करायला बसली. पीठ मळलं, गोळा केला, परातीत थापायला लागली. थापताना पुढे वाकली की पाठीवरचा शेमला घसरून पुढे यायचा, जाळाच्या दिशेनं. पिठाच्या हातानं तिला तो मागे सारता येईना.

बाजेची करकर ऐकू आली. काठी टेकत कोंडीबा आला आणि तिच्या मागे भुईवर बसला. त्यानं शेमला उचलला, जाळापासून लांब केला आणि तिची शेवटची भाकरी होईपर्यंत हातात धरून ठेवला.