हेडरचं स्पेलिंग

यासेरच्या वेबसाइटवर 'माझ्याविषयी' म्हणून एक पान होतं. त्यात लिहिलेलं की यासेर हा नांदेडचा वेब डेव्हलपर, दहा वर्षांचा अनुभव, छंद म्हणाल तर ट्रेकिंग, फोटोग्राफी आणि कॉफी. आता शहरातल्या भर बाजाराच्या इतवाऱ्यात राहून हा कुठला डोंगर चढत होता ते त्याचं त्यालाच ठाऊक. खरं म्हणजे घराच्या गच्चीवर याची अठरा कबुतरं आहेत, सगळा जीव त्यांच्यात, आणि कॉफी प्याली की याला पित्त होतं. पण जाऊ द्या, एवढ्यातेवढ्या थापेनं कुणाचं काही बिघडत नाही. बिघडवणारी ओळ त्याच्या खाली होती. 'मला कुणी शिकवलं नाही. जे आलं ते स्वतःच्या हिमतीवर आलं.'

त्याला शिकवलं होतं आपानं. अर्शिया आपा, त्याच्याहून पाच वर्षांनी थोरली बहीण. तिनं बारावीनंतर कॉम्प्युटरचा कोर्स लावला होता. घरी कॉम्प्युटर नव्हता. मग ती क्लासवरून आली की दोनशे पानी वहीत सगळा कोड आठवून आठवून उतरवून काढायची आणि चौदा वर्षांच्या यासेरला समोर बसवायची. डाव्या पानावर कोड, उजव्या पानावर त्यानं पेन्सिलीनं काढायचं की ही वेबसाइट दिसेल कशी. कॉम्प्युटरचं काम याच्या डोक्यानं करायचं. एखादा कंस उघडा राहिला की आपा ताट बाजूला सरकवायची. म्हणायची, "आधी कंस बंद कर, मग जेव." दोन वर्षं हे असंच चाललं. पुढं तिचं लग्न होऊन ती लातूरला गेली आणि वही यासेरकडे राहिली.

त्या वहीत एक चूक होती. वेबसाइटच्या वरच्या पट्टीला हेडर म्हणतात. आपाची शाळा मराठी, तिनं कानाला ऐकू आलं तसं लिहून घेतलं, एच ई डी ए आर. त्या पट्टीला आपण देऊ ते नाव चालतं, फक्त मजकुराच्या आणि सजावटीच्या अशा दोन्ही फायलींत सारखं पाहिजे. त्यामुळे चूक असूनही साइट बिनतक्रार चालायची. यासेरचा हात त्यावरच बसला. पुढं मोठमोठ्या दुकानांच्या, शाळांच्या साइटी केल्या, पण हेडर म्हटलं की बोटं आपोआप तेच टाइप करायची. बरं, बाहेरून कुणाला ते दिसत नाही, म्हणून कुणी कधी बोललं नाही.

गेल्या वर्षी एका छोट्या पेपरात त्याची मुलाखत आली. 'गुरूविना घडलेला तंत्रज्ञ.' झालं, गडी चढला. कॉलेजं बोलवायला लागली, हार घालायला लागली, आणि तो जाईल तिथं तेच सांगायला लागला. पहिल्या वेळी जीभ थोडी अडखळली होती. नंतर अडखळेना.

इकडे आपा लातूरला मल्लिनाथ सरांच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये कामाला होती. लॅब उघडायची, मशीन पुसायच्या, हजेरी घ्यायची. वेब डिझाइनचे सर मध्येच पुण्याला निघून गेले तशी तीन महिने बॅचही तीच सांभाळत होती. पोरींना तिचं शिकवणं आवडायचं. तिला ती जागा कायमची हवी होती. लग्नानंतर पहिल्यांदाच तिनं स्वतःसाठी काही मागितलं असेल. पण मल्लिनाथ सर म्हणाले, "मॅडम, तुमच्याकडं सर्टिफिकेट न्हाई. पालक विचारतात. या लायनीतल्या कुण्या नावाजलेल्या माणसाचं पत्र आणा."

आपानं यासेरला मेसेज पाठवला. "दोन ओळी लिहून दे बाबा. मी तुला शिकवलं एवढंच लिही."

एवढंच. दोन ओळी. आणि हा पठ्ठ्या अकरा दिवस गप्प बसला. विचारलं तर म्हणाला, लेटरहेड छापायला टाकलंय. कुठलं लेटरहेड आणि कुठली छपाई. पत्र दिलं की मल्लिनाथ सर ते चारचौघांना दाखवणार, मग मुलाखतीचं काय, हारांचं काय, हीच धाकधूक. त्याची त्यालाच लाज वाटत होती, पण लाज वाटते म्हणून माणूस लगेच सुधारतो असं थोडंच आहे.

शेवटी आपानं भावाचं नाव सांगितलं तसं मल्लिनाथ सरांनी त्यालाच पाहुणा म्हणून बोलावलं. आपाचा फोन आला. "बरं झालं, पत्राचं राहू दे. तू तोंडानंच सांग." आवाजात लई आनंद होता.

गाडीत त्यानं ठरवलंच होतं. अहमदपूर गेलं, चाकूर गेलं, हा मनात वाक्य घोकतोय. 'मला माझ्या बहिणीनं शिकवलं.' साधं वाक्य, चार शब्दांचं. लातूरला पोचला तर दारात रांगोळी, गळ्यात हार, आणि मल्लिनाथ सरांनी ओळख करून देताना मुलाखतीतलं सगळं जसंच्या तसं वाचून दाखवलं. टाळ्या पडल्या. यासेर उठला, माइक हातात घेतला आणि तोंडातून आलं ते रोजचंच. "मित्रांनो, मला कुणी शिकवलं नाही."

आपा दाराजवळ उभी होती. तिनं ते ऐकलं. मग खाली वाकून एक्सटेन्शन बोर्डाची पिन नीट बसवायला लागली. पिन नीटच होती.

भाषण संपल्यावर पुढच्या रांगेतली एक मुलगी उठली. लुंबिनी तिचं नाव, बॅचमधली हुशार. तिनं भाषण चालू असतानाच समोरच्या मशीनवर यासेरची साइट उघडून आतला कोड काढला होता.

"सर, एक विचारू का? तुम्ही हेडरचं स्पेलिंग चुकीचं लिहिलंय. आमच्या मॅडम पण असंच लिहितात, अगदी हेच. आम्ही त्यांना रोज सांगतो. तुमचं दोघांचं सारखं कसं काय?"

पोरं हसली. मग एकेक जण यासेरकडे आणि आपाकडे बघायला लागला. हसणं थांबलं. मल्लिनाथ सरही खुर्चीत पुढं सरकले. उत्तर तर त्या पोरीनं आयतं हातात आणून दिलं होतं, नुसतं 'हाव, यांनीच शिकवलं' म्हणायचं होतं. यासेर गळ्यातल्या हाराची फुलं सारखी करत राहिला.

आपानं जरा वेळ वाट बघितली. मग तीच बोलली, "अगं, मी सरांच्याच साइटवर बघून शिकले. त्यांचं बघून बघून मलाही तीच सवय लागली."

सर म्हणाली. ज्याचं नाक पुसलं, ज्याचं ताट सरकवलं, त्याला सगळ्यांसमोर सर म्हणाली. यासेरला वाटलं, हा हार इथंच काढून टाकावा आणि मागच्या जिन्यानं निघून जावं. पण तो उभाच राहिला आणि पोरांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

चहाच्या वेळी त्यानं मल्लिनाथ सरांना गाठलं. सगळी हिंमत एकवटून म्हणाला, "सर, खरं सांगतो, आपानंच मला शिकवलं. वहीवर. ते स्पेलिंग तिचंच आहे."

मल्लिनाथ सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "यासेर सर, बहिणीसाठी जीव तुटतो तुमचा, कळतंय मला. पण मॅडमनीच सांगितलं की सगळ्यांदेखत. इमानदार बाई आहे. आता तुम्ही कशाला खोटं बोलता?"

"ती वही…" यासेर बोलला आणि थांबला. ऑफिस बदललं तेव्हा वही रद्दीत गेली होती. त्यानंच बांधून दिली होती.

गाडीपर्यंत सोडायला आपा आली. हातात डबा होता, त्याच्यासाठी केलेल्या खाज्यांचा.

"आपा, तू असं का म्हणालीस?"

"मग काय म्हणू? पोरी हसत होत्या तुला." तिनं डबा सीटवर नीट ठेवला. "आधी थांबले होते मी. म्हटलं, तू बोलशील."

यासेरला तिच्याकडं बघवेना. गाडी चालू केली तरी ती तिथंच उभी होती.

घरी आल्या आल्या त्यानं 'माझ्याविषयी'चं पान बदलायला घेतलं. ट्रेकिंग काढलं, कबुतरं लिहिली. हिमतीची ओळ काढून लिहिलं, 'मला माझी बहीण अर्शिया हिनं शिकवलं.' मल्लिनाथ सरांनी ते पान सगळ्या ग्रुपांवर पाठवलं आणि वर लिहिलं, 'एवढा मोठा माणूस, पण बहिणीला किती मान देतो बघा.' अभिनंदनाचे दीडशे मेसेज आले. यासेर गच्चीवर जाऊन कबुतरांत बसला, त्यानं एकही उघडला नाही.

महिन्यानं आपाचा फोन आला. मुरुडचे एक सर त्या जागेवर आले होते, सर्टिफिकेटवाले. आपा पुन्हा हजेरी आणि मशीन पुसण्यावर.

"चांगले हायत सर," ती म्हणाली. "पहिल्याच दिवशी सगळ्या पोरींकडून हेडरचं स्पेलिंग नीट करून घेतलं. तू पण करून टाक बरं का. उगी आणि कुणी हसायचं तुला."

"हाव," यासेर म्हणाला.

त्यानं कॉम्प्युटर चालू करून जुनं स्पेलिंग शोधायला लावलं. त्याच्या आजवरच्या सगळ्या कामांत मिळून ते तीनशे बारा ठिकाणी सापडलं. एक बटण दाबलं की सगळीकडचं एकदम बदललं असतं. दहा वर्षांच्या कामात आपाच्या हातचं तेवढंच उरलं होतं, आणि ते पुसायलाही तिनंच सांगितलं होतं. यासेर बटणावर बोट ठेवून बसला आणि त्याला रडू आलं.