पडद्यातल्या पायऱ्या

नागनाथ बनसोडेनं शेळीच्या हृदयातून एक प्रथिन वेगळं काढलं होतं. त्यात चार वर्षं गेली. पेशीच्या आवरणात हे प्रथिन दारासारखं बसतं आणि क्षारांना आतबाहेर जाऊ देतं, एवढंच त्याला सिद्ध करायचं होतं. पण जिवंत पेशीत असली नाना तऱ्हेची शेकडो दारं. म्हणून तो आवरणच हातानं बनवायचा.

सोलापूरच्या एका कॉलेजात तो पदार्थविज्ञान शिकवायचा. तास संपले की जिन्याखालच्या खोलीत जाऊन बसायचा. टेफ्लॉनच्या पेल्यात मधोमध भिंत, भिंतीला टाचणीच्या डोक्याएवढं भोक, दोन्हीकडं मिठाचं पाणी. अंड्याच्या बलकातून काढलेली चरबी बारीक ब्रशनं त्या भोकावर फिरवायची. आधी तिच्यावर रंग धावायचे, मग विरून जायचे आणि पडदा काळा दिसायचा. काळा झाला म्हणजे दोन रेणूंइतका पातळ झाला. अशा पडद्यातून वीज जवळजवळ जातच नाही. मात्र प्रथिनाचा थेंब पाण्यात सोडला की वीज मोजणाऱ्या यंत्राच्या पेनाची रेघ कागदावर पायरीपायरीनं चढायची. एक पायरी म्हणजे एक दार उघडलं.

अठ्ठ्याहत्तरच्या जानेवारीत त्यानं पायऱ्यांचा कागद कोल्हापूरला डॉ. होनरावांकडे पाठवला. ते त्याचे गाईड. 'उत्तम. प्रबंध लिहा,' अशी तार आली. नागनाथच्या आईनं, चांगुणाबाईनं, गल्लीत पेढे वाटले. पोरगा डॉक्टर होणार, पण सुई टोचणारा नाही, हे ती घरोघरी समजावून आली.

मार्चअखेर पीएच.डी.च्या नोंदणीची मुदत संपत होती. प्रबंध टाइप झाला होता. एक चाचणी तेवढी राहिली होती. प्रथिन विरघळावं म्हणून ते साबणासारख्या एका द्रव्यात ठेवलेलं असे. नुसतं ते द्रव्य, प्रथिनाशिवाय, पाण्यात सोडून पाहायचं. काही होणार नाही हे त्याला माहीतच होतं.

त्यानं थेंब सोडला. पेन वर चढला. थांबला. पुन्हा चढला.

त्यानं पेला धुतला, नवा पडदा घातला. पुन्हा पायऱ्या. तिसऱ्यांदाही त्याच. मग त्याच्या लक्षात आलं की टेबल थरथरतंय. भिंतीपलीकडच्या कारखान्यात वीस यंत्रमाग चालू होते. हादऱ्यानंच होत असणार! मागच पडदा हलवतायत! तो तसाच पळत सुटला.

"माग बंद करा, अर्धा तास," तो मुकादम सिद्धप्पाला म्हणाला.

"सर, डोकं फिरलं काय? मालक मला हाकलतील की."

"पाया पडतो तुमच्या." आणि नागनाथ खरोखरच वाकला.

तागे मोजणारी शांतम्मा मध्ये आली. तिनं सिद्धप्पाला तेलुगूत काहीतरी सुनावलं, मग नागनाथकडं वळली. "आमी पाळीपाळीनं जेवतो, सर. उद्या समदे एकदम जेवतील. तेवढ्यात उरका."

दुसऱ्या दिवशी साडेबाराला माग थांबले. इतकी शांतता त्या खोलीत त्यानं कधी अनुभवलीच नव्हती. पडदा काळा झाला. रेघ सरळ. त्यानं नुसत्या द्रव्याचा थेंब सोडला आणि पेनाकडं पाहत राहिला. 'चढू नको,' तो मोठ्यानं म्हणाला. 'चढू नको रे बाबा.'

दुसऱ्याच मिनिटाला पेन चढला. कोल्हापूरला पाठवली होती, अगदी तेवढ्याच उंचीची पायरी. म्हणजे त्या पायऱ्या प्रथिनाच्या नव्हत्याच, साबणाच्या होत्या.

माग पुन्हा सुरू झाले तेव्हा तो जमिनीवर बसला होता. शांतम्मा दारात आली. "झालं का, सर?"

"झालं, अक्का."

"मग असं का बसलाव?"

त्यानं उठून पेला धुवायला घेतला.

त्यानं होनरावांना पत्र लिहिलं. उत्तर आलं: 'आता उकरून काढू नका. परीक्षक हे विचारणार नाहीत.' तीन दिवस नागनाथनं ते पत्र खिशात वागवलं. प्रबंधावर सही केली असती तर भागलं असतं. दोनदा त्यानं पेन उघडलाही. चौथ्या दिवशी त्यानं प्रबंध मागं घेत असल्याचं कळवलं आणि मार्चअखेर नोंदणी रद्द झाली.

आईला सांगायला मात्र आठवडा लागला. ती भाकरी थापत होती. तिचे हात थांबले.

"कुणी आडवलं तुला? नाव सांग. तुजा बा मेला तवापास्नं मिलमधी खपले ते ह्येच्यासाटी न्हाय. कोण हाय त्यो?"

"कुणी न्हाय, आई. माझंच चुकलं होतं."

"खोटं. आपल्याला आडवणारं कुणीतरी असतंयच."

त्यानं तिला साबणाचं, पायऱ्यांचं, सगळं समजावून सांगितलं. ती ऐकत राहिली. मग तव्यावरची भाकरी करपली तरी तिनं ती उलटली नाही.

"मग येवडं कळलं हुतं, तर गप बसला असतास की," ती शेवटी म्हणाली आणि पदरात तोंड घालून रडायला लागली. नागनाथ तिच्याजवळ बसला. तिला हात लावायचं धाडस त्याला झालं नाही.