कोळशाचं पथ्य

औषध वेळेवर देत नाही म्हणून डॉक्टर मिनल देवकीवर रागावल्या आणि दवाखान्यातच भांडण पेटलं. देवकीची सहा वर्षांची रितिका त्या महिन्यात तिसऱ्यांदा तिथं आली होती, बरगड्या आत ओढून श्वास घेत होती. देवकी म्हणजे माझ्या भिंतीला भिंत लागून राहणारी शेजारीण. तोंडाची तिखट, पण खोटं बोलणारी नाही.

"दम्याचा पंप दोन टाईम देऊन राहिली मी," ती म्हणाली. "औषध माह्या हातात हाय, मॅडम. हवा कोठून आनू? घरामागं कोळशाचा डोंगर उभा हाय."

डॉक्टरांनी औषधाची चिठ्ठी बाजूला सारली. मग त्यांनी शेजारच्या खोलीतून धम्मानंद वकिलांना बोलावलं. दर गुरुवारी ते दवाखान्यातच बसत, गरिबांच्या पोरांसाठी, फी न घेता. काळा कोट बघून देवकीला वाटलं, आता आपल्यावरच केस होते. लेकीला उचलून ती दारापर्यंत पोचलीसुद्धा. सोबत आलेला मी दारात आडवा आलो नसतो, तर बाई कन्हान नदीच्या पुलापर्यंत थांबली नसती.

केस झाली ती कोळशाच्या डेपोवर. डॉक्टरांनी वस्तीतल्या सगळ्या पोरांच्या छात्या तपासल्या, वकिलांनी ते कागद वस्तीनं सह्या केलेल्या अर्जाला जोडले आणि अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांकडं, म्हणजे एसडीओ साहेबांकडं, दिला. डेपोवाल्यानं लेखी कळवलं, आमच्याकडून धूळ उडतच नाही. मग त्याची माणसं घरोघर फिरली. कुणाला काम देतो म्हणाली, कुणाला दम दिला. निम्म्या वस्तीनं सह्या मागं घेतल्या. मला आमच्याच लोकांची लाज वाटली.

देवकी मात्र सुनावणीला आली. एसडीओ साहेबांपुढं डेपोवाल्याचा वकील म्हणाला, पोरगी आईच्या चुलीच्या धुरानं खोकते. डॉक्टर मिनल बोलायला उठल्या, पण धम्मानंदांनी त्यांना हातानं थांबवलं. देवकी आधीच उभी राहिली होती.

तिनं पिशवीतून डबा काढला. अंगणात वाळवलेल्या गव्हाच्या कुरड्या तळून आणल्या होत्या. पांढऱ्याशुभ्र फुलायच्या त्या राखेच्या रंगाच्या झाल्या होत्या. डबा तिनं डेपोवाल्यापुढं ठेवला.

"चूल नाई घरात, गॅस हाय. त्याच्यावरच तळल्या. धूळ नाई म्हनता ना शेठ, मंग खा."

शेठनं डबा बोटानं मागं सारला. "मले डॉक्टरनं तेलकट मना केलं हाय," तो पुटपुटला.

"माह्या पोरीले डॉक्टरनं कोळसा मना केला हाय," देवकी म्हणाली. "तुमचं पथ्य तुमी पाळता. तिचं काहून मोडता?"

साहेबांनी डॉक्टरांचे कागद पुन्हा मागवले आणि या वेळी शेवटपर्यंत वाचले. ढीग हलेपर्यंत डेपोत नव्या कोळशाचा ट्रक येणार नाही, असा हुकूम निघाला. वरच्या कोर्टात बघून घेतो, असं म्हणत शेठ जिना उतरला.

देवकीनं धम्मानंदांना एवढंच विचारलं, "वरच्या कोर्टात सायेब किती असतात? तेवढ्या कुरड्या घालाव्या लागतीन."